नगर जिल्हा आणि सत्यशोधक विवाहविधि

वधूवरांनीं आपल्या लग्नाचा विधि आपणच ठरवावा, त्यांतील वचनें आपल्या भाषेंत उच्चारावीं व त्यांचा अर्थ जाणून उच्चारावीं, हा विचार आज अगदीं नवा समजण्यांत येतो. वस्तुतः महाराष्ट्रांत त्याला दीडशें वर्षांचा इतिहास आहे. आणि तो आवडीनिवडीचा नसून हक्काचा इतिहास आहे. नगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा त्याच्याशीं असलेला संबंध वाचकांच्या लक्षांत यावा, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहूं. गांवचा जोशी हा वतनदार असे व गांवांतील लग्नें लावणें हा त्याच्या वतनाचा भाग असे. यजमानानें दुसऱ्या पुरोहिताकडून लग्न लावून घेतलें, तरी ग्रामजोशी आपली दक्षिणा दावा करून मागूं शके. त्यामुळें विधि बदलणें ही केवळ घरची बाब राहत नसे; तो वतनावरील घाला ठरे.

जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं सीताराम जबाजी आल्हाट व राधा निंबणकर यांचें लग्न भटजीवांचून समाजाच्या पद्धतीनें लागलें. पुढें १८८७ सालीं जोतीरावांनीं मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि मराठींत प्रसिद्ध केला. यांतील मंगलाष्टकें वधूवरांनीं परस्परांस उद्देशून म्हणावयाचीं आहेत. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयीं बोलते व वर त्याविषयीं वचन देतो. तिऱ्हाइतानें म्हटलेले मंत्र ऐकणें आणि स्वतः वचन देणें, यांतील भेद येथें स्पष्ट होतो.

या पद्धतीची कसोटी जुन्नर तालुक्यांत लागली. हा तालुका पुणे जिल्ह्यांत असला, तरी नगरच्या अकोले, संगमनेर व पारनेर या तालुक्यांस लागून आहे. तेथील ओतूर गांवीं बाळाजी कुसाजी पाटील यांनीं १८८४ सालीं घरचें लग्न जोश्यावांचून लावलें. ग्रामजोश्यांनीं दावा आणला; तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला व १८९० पर्यंत त्याचा निकाल पाटलांसारखा लागला. ज्यानें पुरोहितास बोलाविलेंच नाहीं, त्याच्याकडून दक्षिणा घेतां येत नाहीं, असें यावरून ठरलें. अशा मानपानाचे वंशपरंपरागत हक्क पुढें १९२६ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यानें रद्द करण्यांत आले.

परंतु न्यायालयाचा निकाल खेडोपाडीं पोहोंचण्यास छापखाना लागतो. तें कार्य नगर जिल्ह्यांत झालें. नेवासें तालुक्यांतील तरवडी या लहानशा गांवांतून मुकुंदराव पाटील यांनीं, १९१० सालीं सुरू केलेलें आपलें ‘दीनमित्र’ साप्ताहिक चालविलें. हे सत्यशोधक पुढारी कृष्णराव भालेकर यांचे पुत्र. समाजाचे विचार व कार्याचें वृत्त शेतकऱ्यांच्या बोलींत या पत्रानें १९६७ पर्यंत पुरविलें. शहरांतील विद्वानांच्या अनुज्ञेची वाट न पाहतां खेड्यानेंच खेड्याशीं बोलावें, हें त्याचें वैशिष्ट्य होय.

आतां ज्यांस आपला विधि स्वतः योजावयाचा आहे, त्यांनीं १९५४ चा विशेष विवाह कायदा अवश्य पाहावा. त्याप्रमाणें तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मग वधूवरांस पसंत असलेल्या कोणत्याहि रीतीनें लग्न लावतां येतें. अट एकच: विवाह-अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष, उभयतांस समजणाऱ्या भाषेंत, एकमेकांचा पति व पत्नी म्हणून स्वीकार केल्याचें दोघांनींहि बोलून दाखवावें. हें केल्यावांचून विवाह पूर्ण होत नाहीं.

‘समजणाऱ्या भाषेंत’ हे शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. मंडप, वाद्यें व जेवणावळी यांची योजना कोणीहि करून देईल. परंतु वचन कोणतें द्यावयाचें हें वधूवरांनीं आधीं बसून ठरविलें पाहिजे. तें ठरविण्याची मोकळीक मिळावी म्हणून ओतूरच्या एका पाटलास वर्षानुवर्षें न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, याचें स्मरण आजच्या वधूवरांनीं ठेवावें.