पायाची नस उघडली, पुढे काय?

पाचगणीत सपाट रस्ता शोधावा लागतो. बाजारातून टेबललँडकडे वळलं की चढ लागलाच. त्या चढावर एखाद्या आजोबांच्या पोटरीत गोळा येतो, थोडं थांबलं की जातो, पुन्हा चालू लागलं की जवळपास तेवढ्याच अंतरावर येतो. घरचे म्हणतात, वय झालं. पण ठरावीक अंतराला येणारं आणि थांबताच जाणारं दुखणं बहुतेक वेळा रक्तवाहिनीचं असतं. चढावर स्नायूंना जास्त रक्त लागतं आणि अरुंद झालेली रोहिणी ते पुरवू शकत नाही. म्हणून डोंगरातल्या माणसाला हा आजार लवकर कळू शकतो. ती संधी दवडू नये.

तपासणी सोपी आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या नसा अरुंद झाल्या आहेत असं धरतात. जुन्या मधुमेहात नसा कडक होऊन हा आकडा फसवा येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात.

अशी अरुंद नस आतून उघडायच्या उपचाराची सुरुवात अशी झाली: १९६४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यापुढे एक वृद्धा आली. पाऊल काळं पडू लागलेलं, आणि पाय कापायला तिचा ठाम नकार. डॉटरनी मांडीतली अरुंद नस आतून नळ्या सरकवून रुंद केली. पाय वाचला आणि शेवटपर्यंत ती स्वतःच्या पायांवर चालली. पुढे १९७४ मध्ये झुरिकला डॉ. आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी त्यासाठी फुगा आणला. आजही तीच रीत आहे: जांघेत सुई, नसेतून बारीक तार, तारेवरून मिटलेला फुगा, आणि अडथळ्यापाशी तो फुगवणं. बहुधा भूलही फक्त तेवढ्या जागेपुरती लागते.

फुग्याने उघडलेली नस किती टिकते, हे जागेवर ठरतं. ओटीपोटातल्या रुंद नसेत निकाल उत्तम. मांडीत मध्यम. गुडघ्याखालच्या बारीक, लांबवर बुजलेल्या नसा पुष्कळदा वर्षाच्या आत पुन्हा अरुंद होतात. मांडीच्या नसेवरच्या एका मोठ्या अभ्यासात वर्षानंतर साध्या फुग्याने ५२ टक्के नसा उघड्या राहिल्या, औषध लावलेल्या फुग्याने ८२ टक्के. गुडघ्याखाली मात्र नस पुन्हा बुजली तरी सगळं हातचं गेलं असं नाही. मधल्या काही महिन्यांत जखम भरून आली, तर पाय वाचलेला असतो.

फुगा की बायपास (म्हणजे शिरेचा तुकडा जोडून अडथळ्याला वळसा देणारी शस्त्रक्रिया), हा वाद मिटलेला नाही. २०२२ च्या, मुख्यतः अमेरिकेतल्या 'बेस्ट-सीएलआय' चाचणीत, पायाची चांगली शीर उपलब्ध असलेल्यांत बायपास सरस ठरला. २०२३ च्या, मुख्यतः ब्रिटनमधल्या 'बेसिल-२' मध्ये गुडघ्याखालच्या आजाराला आधी फुगा केलेल्यांत पाय आणि जीव दोन्ही राखलेले जास्त निघाले. म्हणून 'दोन्हींतलं माझ्या पायाला काय?' हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

नुसता चालताना पाय दुखत असेल, जखम नसेल, तर घाईने फुग्याकडे धावू नये असं माझं मत आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. काही महिने नेमाने केलेल्या या व्यायामाने चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. सोबत कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. तंबाखू मात्र पूर्ण बंद. बिडी तर सोडाच, आपल्याकडे बायका दातांना लावतात ती मिश्रीसुद्धा तंबाखूच. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

रात्री पाय दुखून खाटेखाली लोंबकळत ठेवावा लागत असेल, किंवा बोटावरची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर शेक-मालिश न करता पसरणी घाट उतरून तडक मोठं रुग्णालय गाठावं. अशा वेळी हाताशी काही तासच असतात.