आठ पायांचे राखणदार

आमच्या वडोद्याच्या घराच्या गच्चीत सासूबाईंनी लावलेला गावठी गुलाब आहे. त्या गेल्या, पण झाड राहिलं. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये त्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा माझ्या जिवाची घालमेल झाली. पानांवर सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके आणि मागच्या बाजूला बारीक जाळी. दुकानदाराने दिलेलं औषध मी दोनदा फवारलं. आठ दिवस बरं वाटलं, मग जाळी आधीपेक्षा दाट झाली.

माझा भाचा शेतकी शिकतो. त्याने पान उलटं करून भिंग माझ्या हातात दिलं. "मावशी, हे लाल कोळी. पानातला हिरवा रस शोषतात. कडक, कोरडा उन्हाळा त्यांना मानवतो. पण तू फवारलंस त्यात त्यांचे शत्रूही मेले."

"कसले शत्रू?"

"तेही कोळीच!"

मग त्याने शेजारच्यांच्या परसातली घेवड्याची दोन-तीन पानं आणली. त्यांना कधी औषध लागलेलं नव्हतं. भिंगाखाली एक चकचकीत, नासपतीच्या आकाराचा ठिपका सुसाट पळत होता. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान! हा परभक्षी कोळी. याच्या कुळाला फायटोसिइडी म्हणतात आणि जगभरात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत. जात ओळखायची तर सूक्ष्मदर्शकाखाली पाठीवरच्या केसांच्या जोड्या आणि त्यांची लांबी मोजावी लागते.

मंडळी, हे कीटक नव्हेत. कीटकांना सहा पाय, यांना आठ. विंचू आणि जाळं विणणारा कोळी यांचे हे नातलग. फक्त अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. पुढे दोनदा कात टाकली की बाल्यावस्था संपत येते आणि तिसऱ्यांदा टाकली की प्रौढ. गंमत म्हणजे वर्गीकरणात हा परभक्षी लाल कोळ्यापेक्षा गुराढोरांच्या गोचिडीला जास्त जवळचा आहे. नाव एक, पण घराणी वेगळी!

याला डोळे नसतात. पुढचे दोन पाय काठीसारखे चाचपडत, वास घेत तो चालतो. लाल कोळ्यांनी पोखरलेलं झाड हवेत काही विशिष्ट गंध सोडतं आणि त्या गंधाच्या मागावर हा येतो. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात घेवड्याच्याच एका जातीवर हे दाखवून दिलं. म्हणजे झाडही मदतीला हाक मारतं!

सगळ्यांचा आहार मात्र सारखा नसतो. शास्त्रज्ञांनी 1997 साली त्यांचे राहणीप्रमाणे चार गट पाडले. काही केवळ जाळं करणाऱ्या लाल कोळ्यांवर जगतात, काहींना ते आवडतात पण दुसरंही चालतं, काही मिळेल ते खातात, तर काहींचं मुख्य अन्न फुलांचे परागकण. पहिल्या गटातला फायटोसियुलस पर्सिमिलिस जगभर हरितगृहांत मुद्दाम सोडला जातो. उबदार हवेत त्याची पिढी साधारण आठवड्यात तयार होते, लाल कोळ्यापेक्षाही लवकर.

भाच्याने घेवड्याची ती पानं गुलाबाच्या फांद्यांना टाचणीने अडकवली. मी फवारणी बंद केली, फार वाळलेल्या फांद्या छाटल्या आणि सकाळी झाडाभोवती पाणी शिंपडून हवा ओलसर ठेवली. तीनेक आठवड्यांनी नवी पालवी आली, तीही स्वच्छ. जूनच्या पहिल्या सरीनंतर एक फूल आलं. ते सासूबाईंच्या फोटोला वाहिलं.

तुमच्याही झाडावर असे ठिपके दिसले तर आधी पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. सावकाश सरकतात ते बहुधा लाल कोळी, सुसाट पळतो तो बहुधा राखणदार. अंडी दिसली तर गोल ती लाल कोळ्याची आणि थोडी मोठी, लांबट ती राखणदाराची. औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी एवढं पाहाच. मी पाहिलं नव्हतं, म्हणून सांगते.