द्राक्षविज्ञान आणि वाइननिर्मिती : शिक्षणाची एक वेगळी वाट

शेतकऱ्याच्या घरातील मुलगा वा मुलगी विज्ञान शाखेची पदवी घेऊन बाहेर पडली, की नोकरीची वाट बहुधा पुण्याच्या हिंजवडीकडे, बंगळूरूकडे किंवा चेन्नईतील पेरुंगुडीसारख्या संगणक उद्योगांच्या परिसराकडे वळते. शिकलेल्या मुलाने द्राक्षबागेत परतावे, अशी इच्छा फार थोड्या घरांत व्यक्त होते. तथापि नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्षाभोवती जो उद्योग उभा राहिला आहे, त्यास शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या मनुष्यबळाची गरज भासते. द्राक्षविज्ञान आणि वाइननिर्मितीशास्त्र ही त्या शिक्षणाची दोन अंगे होत. ही वाट आकर्षक आहे. परंतु ती अरुंदही आहे. म्हणूनच तिचे स्वरूप आधी समजून घेणे विद्यार्थी, पालक आणि कर्ज देणारी बँक या तिघांच्याही हिताचे ठरते.

उद्योगाची जडणघडण

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीचा पाया १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने घातला. पुढे १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची स्थापना झाली. त्याच सुमारास अमेरिकेतील संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत यांनी नाशिकच्या गंगापूर धरण परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. कॅलिफोर्नियातील अनुभवी वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा देण्यात आल्या.

वेलीची शाळा

या विषयाचा अभ्यास कारखान्यात नव्हे, तर बागेत सुरू होतो. युरोपात कडाक्याच्या थंडीत द्राक्षवेल पाने गाळून विश्रांती घेते व वसंतात पुन्हा फुटते. आपल्या उष्ण प्रदेशात वेलीला अशी विश्रांती मिळत नाही. तामिळनाडूतील कंबम खोऱ्यात तर छाटणीचे नियोजन करून वर्षाच्या जवळजवळ सर्व काळात द्राक्षे काढता येतात. महाराष्ट्रातील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या तयार होऊन त्यांत घडांची बीजे धरतात, तर ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर घड बाहेर पडतात. त्यामुळे परदेशी पाठ्यपुस्तकातील वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही. डाऊनी, भुरी व करपा या रोगांची लक्षणे आणि खुंटरोपांची निवड यांचे ज्ञान स्थानिक बागेतच मिळते.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यांतील भेदही मूलभूत आहे. खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा व्हावा म्हणून जिब्रेलिक आम्लासारख्या संजीवकांचा वापर केला जातो. वाइनच्या द्राक्षात मात्र लहान मणी इष्ट मानला जातो, कारण लाल वाइनचा रंग व तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग सालीत असतो. तेथे एकरी अधिक उत्पादन हे यश नसून, मर्यादित उत्पादन हे गुणवत्तेचे लक्षण ठरते. थॉमसन किंवा सोनाका जोपासलेल्या बागायतदारास हा विचार प्रथम पटत नाही. तो पटवून देणे हेही प्रशिक्षित द्राक्षतज्ज्ञाचे काम असते.

रसापासून वाइनपर्यंत

वाइननिर्मितीशास्त्र हे प्रामुख्याने रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र आहे. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली, की अल्कोहोलचे प्रमाण साधारण एक टक्का होते. म्हणजे लिटरमागे २२० ग्रॅम साखर असलेल्या रसापासून सुमारे १३ टक्के अल्कोहोलची वाइन तयार होते. परंतु साखर वाढत असता आम्लता घटत असते. तोडणी केव्हा करावी, हा त्यामुळे वर्षातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. पांढरी वाइन कमी तापमानात, तर लाल वाइन सालीसह काहीशा अधिक तापमानात आंबवली जाते. महाराष्ट्रात हे सारे काम प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात होते. या हंगामात रात्रीचा दिवस करावा लागतो. टाक्या धुणे, पंपांच्या नळ्या ओढणे आणि दर काही तासांनी नमुने तपासणे हा त्या शिक्षणाचाच भाग होय.

शिक्षणाच्या सोयी

पायाभरणीसाठी कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी, अथवा रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञानातील पदवी उपयुक्त ठरते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ बागेकडे नेणारे शिक्षण देते. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रूइंग व अल्कोहोल तंत्रज्ञान या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. परदेशात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस केंद्र, ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठ, फ्रान्समधील बोर्दो आणि १८७२ मध्ये स्थापन झालेली जर्मनीतील गाइझनहाइम ही नामवंत ठिकाणे होत. उत्तर गोलार्धातील तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्याने, आपल्याकडील हंगाम संपवून त्याच वर्षी तेथील दुसऱ्या हंगामाचा अनुभव घेणेही शक्य असते.

जोखमीचा विचार

या क्षेत्राने एक कटू धडाही अनुभवला आहे. अनुकूल धोरणामुळे थोड्या वर्षांत अनेक वाइनशाळा उभ्या राहिल्या. २००८ मधील जागतिक मंदी व त्याच वर्षीचा मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व उपाहारगृहांची मागणी घटली. टाक्यांत माल पडून राहिला, शेतकऱ्यांची देणी थकली आणि अनेकांना वाइनच्या द्राक्षाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. नवी बाग फळावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. त्यानंतरही माल मुरवण्यात भांडवल अडकते आणि विक्रीवर उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यांची बंधने असतात. शिक्षण घेऊन स्वतःची वाइनशाळा काढू इच्छिणाऱ्याने हा हिशेब प्रथम मांडला पाहिजे.

याचा अर्थ हे शिक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. ते केवळ वाइनपुरते मर्यादित ठेवू नये, एवढाच आहे. महाराष्ट्रातील बहुतांश द्राक्ष ताजे खाण्यासाठी किंवा बेदाण्यासाठी पिकवले जाते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली, तेव्हा उर्वरित अंशाच्या तपासणीचे महत्त्व सर्वांस उमगले. निर्यात गृहे, अंश-तपासणी प्रयोगशाळा, तासगाव परिसरातील बेदाणा उद्योग, रसप्रक्रिया, किण्वन उद्योग आणि द्राक्षबागांतील पर्यटन या सर्व ठिकाणी हेच ज्ञान कामी येते. मांजरीच्या केंद्राने रसासाठी विकसित केलेला ‘मांजरी मेडिका’ हा वाण त्याच दिशेने निर्देश करतो.

पालक व विद्यार्थ्यांसाठी

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष परतफेडीस सवलत मिळते. मात्र या काळातही व्याजाची आकारणी चालू असते. या क्षेत्रात प्रारंभीच्या नोकऱ्या थोड्या असून, काही हंगामी स्वरूपाच्या असतात. म्हणून परदेशी अभ्यासक्रमासाठी मोठे कर्ज काढण्यापूर्वी विद्यार्थ्याने किमान एक हंगाम नाशिक वा अकलूज परिसरातील वाइनशाळेत आणि एक ऑक्टोबर छाटणी बागेत काढावी. घरातील वडीलधाऱ्यांना मद्याच्या व्यवसायाविषयी संकोच वाटत असेल, तर त्याचीही मोकळेपणाने चर्चा व्हावी.

ज्याच्या घरी बाग आहे, त्याने शिक्षणासाठी ती गहाण टाकण्याची घाई करू नये. वडिलांनी वर्षानुवर्षे केलेल्या छाटण्यांमागील शास्त्र जाणून घेणे हा या अभ्यासक्रमाचा पहिला पाठ होय, आणि त्यासाठी कोणतेही कर्ज लागत नाही.