परकीयांचे निष्कासन आणि दाद मागण्याचा अधिकार

मराठीत ‘हद्दपारी’ हा एकच शब्द दोन भिन्न कायदेशीर कृतींसाठी वापरला जातो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली एखाद्यास जिल्ह्याबाहेर घालवले जाते, ज्याला बोलीभाषेत ‘तडीपार करणे’ म्हणतात, ती एक हद्दपारी. आणि परकीय व्यक्तीला देशाच्या सीमेपलीकडे पाठवणे ही दुसरी. तडीपार झालेला नागरिक न्यायालयात जातो तेव्हा संचाराचे व वास्तव्याचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ त्याच्या पाठीशी असतो. परकीयाला तो आधार नाही. हा भेद ध्यानात राहावा म्हणून येथे दुसऱ्या कृतीला ‘निष्कासन’ म्हटले आहे.

निष्कासनाच्या प्रकरणांत मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्यास न्यायालयात कोणी जावे, हा प्रश्न वस्तुतः दुहेरी आहे. ज्याला देशाबाहेर काढले जात आहे त्याला स्वतःला भारतीय संविधानाखाली दाद मागता येते काय? आणि तो कोठडीत असेल, भाषा जाणत नसेल, त्याच्यापाशी वकील नसेल, तर त्याच्या वतीने अन्य कोणाला ती मागता येते काय?

पहिल्याचे उत्तर संविधानाच्या शब्दयोजनेतच सापडते. अनुच्छेद १९ ‘नागरिकां’ना उद्देशून आहे, अनुच्छेद १४ व २१ मात्र ‘व्यक्ती’विषयी बोलतात. कायद्यापुढील समानता आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य यांचे संरक्षण म्हणूनच पारपत्र नसलेल्या माणसालाही आहे. तथापि हान्स म्युलर प्रकरणात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने परकीयास घालवून देण्याची शासनाची सत्ता निरंकुश असल्याचे म्हटले होते. १९३७ पासून भारतात राहिलेल्या बेल्जियन मिशनऱ्याच्या, लुई द राएट यांच्या, प्रकरणातही (१९९१) न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली: परकीयाचा मूलभूत हक्क अनुच्छेद २१ पुरता मर्यादित आहे आणि या देशात वास्तव्य करण्याचा हक्क त्यात येत नाही. अर्ध्याहून अधिक आयुष्य येथे घालवलेल्या माणसाविषयीचा हा निष्कर्ष कठोर वाटतो. परंतु संविधानाच्या शब्दांशी तो विसंगत आहे असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उदार आहे. देहोपस्थितीचा (हेबिअस कॉर्पस) अर्ज बंदिवानाच्या आप्ताने किंवा स्नेह्याने करावा, ही जुनी मान्यता होतीच. एस. पी. गुप्ता प्रकरणात (१९८१) न्या. भगवती यांनी तिचा विस्तार केला. दारिद्र्य, असहायता वा सामाजिक दुर्बलता यांमुळे जो न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यासाठी सद्भावनेने वागणाऱ्या कोणाही व्यक्तीस याचिका करता येईल, असे त्यांनी सांगितले. त्याचा लाभ परकीयांना मिळतो हे चंद्रिमा दास प्रकरणात (२०००) स्पष्ट झाले. हे प्रकरण निष्कासनाचे नव्हते. हावडा येथील रेल्वेच्या यात्री निवासात अत्याचाराला बळी पडलेल्या बांगलादेशी स्त्रीला भरपाई मिळावी, अशी कलकत्ता उच्च न्यायालयातील एका वकील महिलेची याचिका होती. पीडित स्त्री परकीय आहे आणि याचिकाकर्तीला अधिकारच नाही, हे दोन्ही आक्षेप फेटाळले जाऊन दहा लाख रुपयांची भरपाई कायम झाली.

निष्कासनाच्या संदर्भात या अधिकाराचे सर्वांत लक्षणीय उदाहरण चकमांचे होय. कप्ताई धरणामुळे व अन्य कारणांनी विस्थापित झालेले चकमा १९६४ च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आले आणि त्यांतील अनेकांना तत्कालीन नेफामध्ये वसवण्यात आले. १९९४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्याची मुदत दिली. तक्रारी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेल्या आणि आयोग स्वतःच याचिकाकर्ता म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम १८ ने त्याला हा मार्ग दिलेला आहे. ९ जानेवारी १९९६ च्या निर्णयात न्यायालयाने सुमारे ६५,००० चकमांच्या जीविताचे रक्षण करण्याचे, त्यांना बळाने हुसकावू न देण्याचे आणि नागरिकत्वाचे अर्ज अडवून न ठेवता पुढे पाठवण्याचे आदेश राज्याला दिले. येथे परकीय ठरवल्या गेलेल्या समूहाच्या वतीने राज्याविरुद्ध उभी होती ती राष्ट्राचीच एक वैधानिक संस्था.

मात्र याचिकेचे दार रुंद झाले म्हणजे ते एकाच बाजूने रुंद होत नाही. सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवरून २००५ मध्ये आसामला लागू असलेला १९८३ चा बेकायदा स्थलांतरितांविषयीचा कायदा रद्द झाला. त्या कायद्यात परकीयत्व सिद्ध करण्याचा भार संशयितावर नव्हता. तो गेल्यावर १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार आपण परकीय नाही हे त्याने स्वतः दाखवणे आवश्यक झाले. १९४६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमातही हा भार तसाच आहे. एका नागरिकाला मिळालेल्या याचिकाधिकारामुळे हजारो संशयितांचे संरक्षण उणे झाले, याची नोंद जनहित याचिकेच्या गौरवपर इतिहासात क्वचितच घेतली जाते.

रोहिंग्यांच्या प्रकरणात (मोहम्मद सलीमुल्ला, ८ एप्रिल २०२१) याचिकाकर्ते स्वतः निर्वासित होते. अनुच्छेद १४ व २१ सर्व व्यक्तींना लागू आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु निष्कासित न होण्याचा हक्क हा अनुच्छेद १९ (१) (ङ) मधील वास्तव्याच्या हक्काला जोडलेला असून तो नागरिकांचाच, असे म्हणून अंतरिम संरक्षण नाकारले. विहित कार्यपद्धतीखेरीज पाठवू नये, एवढेच बंधन घातले. ऐकले जाण्याचा अधिकार आणि राहण्याचा अधिकार यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे पूर्वी क्वचितच मांडले गेले असेल. उलटपक्षी, त्याच वर्षी ३ मे रोजी नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे जाण्याची मुभा दिली. जिवाला धोका असेल तेथे परत न पाठवण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये अनुस्यूत मानले. उच्च न्यायालयाचा हा दृष्टिकोन आम्हाला अनुच्छेदाच्या आशयाशी अधिक जुळणारा वाटतो, कारण वास्तव्याचा हक्क नाकारूनही जीविताचा हक्क शिल्लक राहतोच.

विहित कार्यपद्धती पाळली गेली की नाही, हे माणूस सीमेपलीकडे गेल्यावर कोणी विचारावे? वकीलपत्रावर सही घ्यायची तर वकिलाला प्रथम कोठडीपर्यंत पोहोचावे लागते; सीमा ओलांडल्यावर तेही उरत नाही. २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील एका पित्याने आपल्या मुलीसाठी व तिच्या कुटुंबीयांसाठी कलकत्ता उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका केली, तेव्हा त्यांना दिल्लीतून उचलून बांगलादेशात पाठवून झालेले होते. आपण भारतीयच आहोत, असे कुटुंबाचे म्हणणे होते. २६ सप्टेंबर रोजी उच्च न्यायालयाने निष्कासनाचे आदेश रद्द करून त्यांना चार आठवड्यांत परत आणण्यास सांगितले. केंद्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबरमध्ये मुलीला व तिच्या लहान मुलाला परत आणण्यास शासनाने संमती दिली. मात्र ती केवळ मानवतेच्या भूमिकेतून आणि नागरिकत्वाविषयीचे आपले आक्षेप राखून.