गाणं, थंडी आणि न पोचलेली बातमी

थंडी कडाक्याची पडली की वर्तमानपत्रात काही बातम्या ठरलेल्या असतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले! निफाडचा पारा घसरला! द्राक्ष बागायतदार चिंतेत! चहात खारी बुडवत आपण त्या वाचतो, ‘बापरे’ म्हणतो आणि लगेच खेळाच्या पानाकडे वळतो. हवामानाची बातमी म्हणजे आपल्या लेखी कोपऱ्यातली एक चौकट. वाचली काय, न वाचली काय!

पण ती चौकट योग्य वेळी योग्य माणसाला कुणी दाखवली नाही, तर काय होतं? आज मी तुम्हाला एक खरीखुरी हकिगत सांगणार आहे. ती आहे अमेरिकेतली, १९५९ सालच्या हिवाळ्यातली. त्यात रॉक संगीत आहे, हाडं गोठवणारी थंडी आहे आणि बातम्याही आहेत. एक वेळेवर न पोचलेली, तर दुसरी नको तितक्या लवकर पोचलेली.

दोन आणि चारवर टाळी

आधी रॉकची थोडी ओळख करून घेऊ. घरात दादाने किंवा ताईने ही गाणी लावली की आजी म्हणते, “अरे, तो धांगडधिंगा बंद कर!” पण या धांगडधिंग्यातही हिशेब असतो, बरं का! करून बघा. एक-दोन-तीन-चार असे आकडे सारख्या अंतराने मोजा आणि टाळी द्या फक्त दोन आणि चारवर. सुरुवातीला चुकेल. जमलं, की पाय आपोआप हलायला लागेल. रॉकच्या ठेक्याचं गुपित हेच!

हे संगीत अमेरिकेत १९५०च्या सुमारास घडलं. कृष्णवर्णीय लोकांचं ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि खेड्यापाड्यांतलं ‘कंट्री’ संगीत एकत्र आलं आणि तरुण मुलांनी ते डोक्यावर घेतलं. त्यातलाच एक होता टेक्सासमधल्या लबक गावचा बडी हॉली. उंच, सडपातळ, डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चश्मा. एखाद्या वर्गातल्या हुशार मुलासारखा दिसायचा! तो स्वतः गाणी रचायचा, गायचा आणि गिटार वाजवायचा. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव होतं ‘क्रिकेट्स’. चेंडू-फळीचं क्रिकेट नव्हे हं! क्रिकेट म्हणजे रातकिडा. पुढे इंग्लंडच्या चार मुलांना हे किड्याचं नाव इतकं आवडलं, की त्यांनीही भुंगेऱ्याच्या नावावरून आपलं नाव ठेवलं, ‘बीटल्स’! हेच बीटल्स १९६८ साली आपल्या ऋषिकेशला आले होते.

बसमध्ये पेटवलेले पेपर

२३ जानेवारी १९५९ रोजी मिलवॉकी शहरातून एक दौरा सुरू झाला. नाव ‘विंटर डान्स पार्टी’. २४ दिवसांत २४ गावं! बडी हॉलीबरोबर होता १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ या नावाने गाजलेला २८ वर्षांचा जे. पी. रिचर्डसन. दौरा आखणाऱ्यांनी नकाशाकडे फारसं पाहिलेलं दिसत नाही. आज इकडे, उद्या शेकडो किलोमीटर तिकडे, परवा पुन्हा मागे. आपल्याकडे एखाद्या नाटक कंपनीने आज सोलापूर, उद्या जळगाव, परवा सांगली असे प्रयोग लावावेत, तसलाच प्रकार. शिवाय जुनाट बसगाड्या, त्यातली ऊब देणारी यंत्रं बंद पडलेली आणि बाहेर अमेरिकेच्या उत्तर भागातला हिवाळा.

३१ जानेवारीच्या कार्यक्रमानंतर रात्री विस्कॉन्सिन राज्यात हर्ली गावाजवळ बस बंदच पडली. बाहेर तापमान उणे ३०च्या आसपास. उणे ३० सेल्सिअस की फॅरनहाइट, असा चौकस प्रश्न तुम्ही विचाराल. गंमत अशी, की इतक्या खाली दोन्ही मापं एकमेकांच्या जवळ येतात आणि उणे ४०ला तर अगदी एक होतात! आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याहूनही ही थंडी कितीतरी कडक. मंडळींनी ऊब मिळावी म्हणून बसमध्येच वर्तमानपत्रं जाळली.

तरीही ढोलवादक कार्ल बंच याच्या पायांना हिमदंश झाला आणि त्याला इस्पितळात दाखल करावं लागलं. हिमदंश म्हणजे काय? फार थंडी झाली की आपलं शरीर एक हिशेब करतं. हृदय, फुफ्फुसं, मेंदू यांना आधी उबदार ठेवायचं! त्यासाठी हाता-पायांच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडचं गरम रक्त कमी होतं. असं बराच वेळ राहिलं, की बोटांमधलं पाणीच गोठू लागतं. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात. दुखणं थांबलं म्हणून माणसाला बरं वाटतं आणि खरा धोका तिथेच असतो.

नाणं उडालं

२ फेब्रुवारीला मंडळी आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक गावी पोचली. ‘सर्फ बॉलरूम’ या सभागृहात कार्यक्रम झाला. तिकीट सव्वा डॉलर. हजारावर तरुण मुलं आली, खूप नाचली. पुढचा मुक्काम मूरहेड. अंतर जवळजवळ ६०० किलोमीटर, म्हणजे साधारण पुण्याहून अमरावती, आणि तेही त्याच गारठलेल्या बसने.

बडी हॉली कंटाळला होता. त्याने चार जणांचं एक छोटं विमान भाड्याने ठरवलं. कारण ऐकाल तर नवल वाटेल. त्याला थोडी झोप हवी होती आणि मळलेले कपडे धुवून घ्यायचे होते! माणशी भाडं ३६ डॉलर. वैमानिक सोडून जागा तीनच. वेलन जेनिंग्ज या वादकाने आपली जागा बिग बॉपरला दिली, कारण बिग बॉपरला फ्लू झाला होता. तिसऱ्या जागेसाठी टॉमी ऑलसप आणि रिची व्हॅलेन्स यांनी नाणं उडवलं. रिची जिंकला. खरं तर रिचीला विमानाची भीती वाटायची. १९५७ साली त्याच्या शाळेवरच आकाशात दोन विमानांची टक्कर झाली होती.

जी बातमी पोचली नाही

वैमानिक होता रॉजर पीटरसन, वय २१. त्या संध्याकाळी त्याने हवामानाची चौकशी केली होती, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणजे तो बेफिकीर नव्हता. पण त्या रात्री हवामान खात्याने दोन तातडीच्या सूचना काढल्या होत्या. वाटेत बर्फ, धुकं आणि विमानावर बर्फ साचण्याचा धोका आहे, अशा त्या सूचना. माहिती देणाऱ्यांनी त्या सूचनांकडे त्याचं लक्ष वेधलंच नाही. त्याने विचारलं, उत्तरही मिळालं, पण ते अपुरं होतं!

रात्री १ वाजायच्या जरा आधी विमान उडालं. हलका बर्फ पडत होता, खाली काळोखी शेतं, वर ढग. अशा वेळी क्षितिज दिसत नाही. मग आपण वर चाललोय की खाली, हे कळेनासं होतं. कानातला तोल सांभाळणारा अवयवही फसवतो. डोळे मिटून गोल गोल फिरा आणि थांबा. थांबल्यावरही फिरल्यासारखं वाटतं ना? तसंच. म्हणून वैमानिक यंत्रांवर भरवसा ठेवतात. त्यातलं एक यंत्र विमानाचं नाक वर आहे की खाली, हे दाखवतं. पण रॉजरकडे केवळ यंत्रांवर विमान चालवण्याचा परवाना नव्हता. त्यात भर म्हणजे या विमानातलं यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्रापेक्षा वेगळं होतं. ते वर-खाली नेमकं उलट दाखवायचं.

विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आतच विमान एका शेतात कोसळलं. चौघांपैकी कुणीही वाचलं नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास विमानाचा मालक दुसऱ्या विमानातून शोधायला निघाला, तेव्हा त्याला ते दिसलं.

त्याच वर्षी चौकशीचा अहवाल आला. यंत्रांवर उडण्याची परवानगी नसताना उडण्याचा निर्णय हे मुख्य कारण ठरलं. पण अहवाल तिथेच थांबला नाही. हवामानाची माहिती देण्यातल्या गंभीर उणिवा आणि अनोळखी यंत्र, यांचाही वाटा त्यात नोंदवला गेला. मुलांनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोठ्या अपघाताचं खापर एकाच डोक्यावर फोडणं सोपं असतं. पण बहुतेक वेळा ती साखळी असते. बिघडलेली बस, वेडावाकडा दौरा, थकवा, अर्धवट माहिती. एक कडी तुटली असती, तरी पुढचं टळलं असतं.

जी बातमी फार लवकर पोचली

आता दुसरी बातमी. बडी हॉलीच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. पत्नी मारिया एलेना न्यूयॉर्कला होती. तिला ही बातमी कुणी घरी येऊन, जवळ बसून सांगितली नाही. तिला ती दूरचित्रवाणीवरून कळली. कल्पना करा! आज जबाबदार अधिकारी आणि पत्रकार अपघातात गेलेल्यांची नावं आधी घरच्यांना कळवतात, मग जाहीर करतात. बातमी खरी असणं पुरेसं नसतं. ती कुणाला, कधी आणि कशी सांगायची, हेही महत्त्वाचं असतं.

आपल्या हातात आता मोबाइल आहे. अपघाताचा फोटो क्षणात शंभर जणांना जातो. आई-बाबांनाही माझी विनंती आहे, पुढे पाठवायच्या आधी एकच प्रश्न विचारा. ‘हे त्यांच्या घरच्यांनी आत्ता पाहिलं तर?’

पेपर टाकणारा मुलगा

मूरहेडचा कार्यक्रम त्या संध्याकाळी रद्द झाला नाही. स्थानिक कलाकारांना हाक दिली गेली आणि बॉबी व्ही हा १५ वर्षांचा मुलगा मित्रांसह मंचावर उभा राहिला. पुढे तो मोठा गायक झाला.

आणि न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावात १३ वर्षांचा एक मुलगा घरोघरी वर्तमानपत्रं टाकायचा. थंडीतल्या त्या फेरीत, हातातल्या गठ्ठ्यातच त्याला ही बातमी दिसली. तो मुलगा म्हणजे डॉन मॅक्लीन. ती बातमी त्याच्या मनातून गेली नाही. १९७१ साली त्याने ‘अमेरिकन पाय’ हे लांबलचक गाणं केलं आणि ते जगभर गाजलं. दुसऱ्याच्या दुःखाची बातमी एका पोराने बारा वर्षं जपली आणि तिचं गाणं केलं! सर्फ बॉलरूम आजही उभं आहे. अपघाताच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर काळ्या चश्म्याचं भलंमोठं शिल्प आहे.

आता तुमच्यासाठी काम. एक वही घ्या. रोज सकाळी वर्तमानपत्रातली हवामानाची चौकट वाचा. तारीख, किमान तापमान आणि सूचना असेल तर ती, लिहून ठेवा. आणि सूचना ज्याच्या कामाची असेल त्याला ती नक्की सांगा. पहाटे शेतावर पाणी द्यायला जाणाऱ्या काकांना, धुक्यात स्कूटर काढणाऱ्या बाबांना, मफलर विसरणाऱ्या आजोबांना. ‘त्यांना माहीत असेलच’ असं म्हणून गप्प बसू नका.