आठ दिवसांचं पाणी, आठ दिवसांचा डास

१८९७ सालच्या मे महिन्यात लंडनमध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठरात मलेरियाचे परोपजीवी सापडले. सिकंदराबाद निजामाच्या राज्यात होतं आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगरही. रक्त पिणारा जीव माणसामाणसांत साथ पसरवतो ही कल्पना त्या एकाच वर्षी कादंबरीनेही मांडली आणि सूक्ष्मदर्शकानेही दाखवली. त्यानंतर रक्तपिपासूंच्या साथीने अख्खं गाव, अख्खं शहर गिळल्याच्या कथा आणि सिनेमे येत राहिले. मराठीत नारायण धारपांच्या ‘लुचाई’ने हा प्रकार रुजवला. या भयकथांचे नियम ठरलेले असतात. पिशाच्च अंधारात येतं, कोणी बोलावल्याशिवाय घरात शिरू शकत नाही, आणि ज्याला चावतं तो पुढच्यासाठी धोका बनतो. यातला पहिला नियम डेंग्यूच्या डासाला लागू नाही, कारण तो दिवसा चावतो. तिसरा तंतोतंत लागू आहे. दुसऱ्याबद्दल मात्र आपल्या शहरात दर पावसाळ्यात वाद होतो, की या डासाला घरात बोलावतं कोण? सरकारी पत्रकांचा सूर असा असतो की नागरिकांचा निष्काळजीपणा. छत्रपती संभाजीनगरपुरतं तरी हे उत्तर अपुरं आहे, असं मला वाटतं. इथे डासाला आत बोलावण्याचं मोठं काम नळाचं वेळापत्रक करतं.

हे पटण्यासाठी आधी डासाचं वागणं नीट बघावं लागेल. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी गटारात किंवा नाल्यात अंडी घालत नाही. तिला माणसाच्या घरातलं, स्थिर आणि त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागतं. अंडी ती पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढून त्यांना बुडवलं की फुटतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. बाहेर पडलेली मादी फार लांब जात नाही. तिचं आयुष्य बहुतेक करून शे-दोनशे मीटरच्या टापूत, कपाटामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत जातं. अंड्यांच्या एका खेपेसाठी ती एकाच माणसाचं रक्त पिऊन थांबत नाही, दोघातिघांना चावते. डेंग्यू झालेल्या माणसाचं रक्त प्यायल्यावर विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि मग उरलेलं आयुष्य ती रोग वाटत फिरते. एकाच घरातले तिघे-चौघे आठवडाभराच्या आगेमागे तापाने पडतात त्यामागे हेच कारण असू शकतं.

आता नळाकडे वळू. शहराला पाणी येतं ते पैठणच्या नाथसागरातून, चाळीसेक किलोमीटरवरून, पंपांनी उपसून. हा जलाशय ज्याचा, ते १९७६ साली पूर्ण झालेलं जायकवाडी धरण जवळपास दहा किलोमीटर लांबीचं आहे आणि त्यात शंभर टीएमसी पाणी मावतं. २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाख वस्तीच्या आणि त्यानंतर वाढतच गेलेल्या या शहराची तहान अनेक वर्षं प्रामुख्याने ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर अवलंबून राहिली. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही नळ मात्र चार दिवसांआड, कुठे सहा, तर कुठे आठ दिवसांआड. मग प्रत्येक घर स्वतःचं छोटं धरण बांधतं. सिडको-हडकोत जमिनीखालचे हौद आणि गच्चीवरच्या काळ्या टाक्या, जुन्या शहरात सिमेंटच्या टाक्या आणि रांजण, आणि गुंठेवारी वसाहतींत दारासमोर उभे केलेले निळे ड्रम, ज्यांत टँकरचं पाणी ओततात. डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला लागणारे दिवस आणि दोन पाण्यांमधले दिवस इथे जवळपास जुळतात. माझ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. नळ रोज आला तर ड्रमची गरज उरत नाही. एक दिवसाआड आला तर ड्रम रिकामा होऊन घासला जाण्याची शक्यता असते आणि अळीचं आयुष्य अर्ध्यावर तुटतं. सात-आठ दिवसांआड आला तर अळीला पूर्ण वाढायला पुरेसा वेळ मिळतो. शिवाय पाण्याच्या दिवशी ड्रमची पातळी वर चढते, भिंतीवर चिकटलेली अंडी बुडतात आणि एकगठ्ठा फुटतात. म्हणजे प्रत्येक पाणीवाटप नव्या पिढीला मिळालेली हाक ठरतं.

यावर आरोग्य खात्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा. शास्त्रीयदृष्ट्या हा सल्ला अगदी बरोबर आहे, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. पण हा सल्ला गृहीत धरतो की ओतलेलं पाणी परत मिळेल. ज्या घराला पुढचं पाणी मंगळवारी येणार की गुरुवारी हे नक्की माहीत नसतं, तिथली बाई तळाशी उरलेल्या दोन बादल्या कोरडा दिवस पाळण्यासाठी ओतून देणार नाही, आणि देऊही नये. पिण्याच्या पाण्याचे हंडे-माठ बहुतेक घरांत नवं पाणी येताच विसळले जातात. धुण्याभांड्याच्या, वापरायच्या पाण्याचा ड्रम मात्र अर्धा असतानाच भरला जातो आणि महिनोन्‌महिने तळ दाखवत नाही. डासांच्या कोषांची मोजणी करणाऱ्या अभ्यासांनी अनेक देशांत दाखवून दिलं आहे की पाण्याची भांडी शेकडो प्रकारची असली तरी बहुसंख्य डास मोजक्या प्रकारच्या भांड्यांतूनच निघतात, आणि जिथे पाणी साठवावं लागतं तिथे ती भांडी म्हणजे मोठे ड्रम आणि टाक्या. पोस्टरवर मात्र करवंट्या, टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या. मराठवाड्यात त्यांच्यासोबत कूलर जोडावाच लागेल: जूनमध्ये बंद करून कोपऱ्यात ढकललेल्या कूलरच्या तळातलं पाणी पहिल्या पावसातल्या डासांसाठी तयार असतं. तरीही कूलर हंगामी आहे, ड्रम बारमाही.

साठवलेलं पाणी आणि हा डास यांच्या नात्याला जगभरचा आधार आहे. १९०१ साली हवानात विल्यम गोर्गस या अमेरिकी लष्करी डॉक्टरने पीतज्वराविरुद्ध जी मोहीम उघडली ती याच डासाविरुद्ध होती. त्याने घरोघरची पाण्याची पिंपं झाकून त्यांना तोट्या बसवायला लावल्या, आणि ज्या शहरात पीतज्वर पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथून तो काही महिन्यांत हटला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून विसाव्या शतकाच्या मध्याला एडिस इजिप्ती नाहीसा झाला, तेव्हा घरोघरच्या पावसाच्या पाण्याच्या उघड्या टाक्या काढल्या जात होत्या आणि नळ पोहोचत होता. सर्वांत बोलका पुरावा व्हिएतनामचा आहे. तिथल्या खान्ह होआ प्रांतातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या वस्तीत डेंग्यूच्या दोन साथी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सर्वाधिक धोका दाट शहरात नव्हता. चौरस किलोमीटरमागे तीन ते सात हजार माणसांच्या, नळाचं पाणी पुरेसं नसलेल्या वस्त्यांत तो सर्वांत जास्त होता. जिथे पाणीपुरवठा चांगला होता तिथे गर्दी असूनही मोठा उद्रेक झाला नाही. आपल्या भागाला हे नवं नाही. १९७२च्या दुष्काळापाठोपाठ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर तीस वर्षं हा आजार देशातून जणू गायब होता. २००६ साली तो परतला तेव्हा देशभर सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले आणि मराठवाड्यातली गावंच्या गावं सांधे धरून बसली.

आक्षेप अनेक येतील आणि काही वजनदार आहेत. पहिला असा की सिंगापूरमध्ये चोवीस तास पाणी आहे, दंड कडक आहे, तरी २०२० साली तिथे पस्तीस हजारांवर रुग्ण सापडले. मग नळाला दोष कसा? याचं उत्तर त्या शहराच्या यशातच आहे. तिथे दशकानुदशकं डास इतके कमी ठेवले गेले की लोकांमध्ये डेंग्यूविरुद्धची प्रतिकारशक्तीच कमी उरली, आणि थोडे डासही साथ पेटवायला पुरे पडतात. तिथले निरीक्षक फुलदाण्या आणि गॅलरीतल्या कुंड्या शोधत फिरू शकतात, कारण घरात दोनशे लिटरचा ड्रम मुळात नाहीच. नळ हा डेंग्यूवरचा पूर्ण इलाज आहे असं मी म्हणतच नाही. नळाशिवाय बाकीचे इलाज तोकडे पडतात, एवढंच माझं म्हणणं आहे. दुसरा आक्षेप झाकणाचा: ड्रम असू द्या, झाकण लावा. घट्ट झाकण खरंच काम करतं. पण दिवसातून वीस वेळा ज्यातून तांब्या बुडवला जातो त्या ड्रमवरचं झाकण घट्ट राहत नाही, आणि सैल झाकणाखालची सावली मादीला उलट आवडते. म्हणून तर गोर्गसने झाकणाबरोबर तोटीचा आग्रह धरला. महापालिकेने गुंठेवारीत तोटीचे, जाळीदार झाकणाचे ड्रम वाटले तर तो खर्च धुराच्या यंत्रांपेक्षा जास्त कारणी लागेल.

धुराबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण साथ आली की प्रत्येक वॉर्डातून पहिली मागणी त्याचीच होते. धूर फवारणी फक्त उडत्या डासांना मारते, अळ्या आणि अंड्यांना नाही. त्यातही एडिस घरात, कपाटामागे बसलेला असतो आणि धूर रस्त्यावर फिरतो. दोन-चार दिवसांनी ड्रममधली पुढची फळी उडायला तयार असते. उद्रेकाच्या ऐन भरात, घराच्या आत केलेल्या फवारणीला मर्यादित उपयोग आहे. एरवी तो दिसणारा उपाय आहे आणि दिसतो म्हणूनच लोकप्रिय आहे. गप्पी मासे आणि अ‍ॅबेट नावाचं अळीनाशक हे उपाय त्याहून चांगले, कारण ते पाण्यातच काम करतात. पण अ‍ॅबेटचा वास आलेलं पाणी लोक ओतून देऊ शकत नाहीत, म्हणून ते टाकूच देत नाहीत. इथेही पुन्हा मोजूनमापून मिळणारं पाणी आडवं येतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या मुद्द्याच्या मुळावर येऊ शकतो. अमेरिका-मेक्सिको सीमेवर लरेडो आणि न्यूव्हो लरेडो ही नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरं आहेत. १९९९च्या साथीनंतरच्या तपासणीत अमेरिकेच्या बाजूला एडिस डास जास्त आढळले, तरी नुकत्याच झालेल्या डेंग्यूच्या खुणा तिथे एक टक्क्याच्या आसपास लोकांत होत्या आणि मेक्सिकोच्या बाजूला सोळा टक्क्यांत. फरक पडला तो बंद खिडक्यांच्या, वातानुकूलित घरांमुळे. म्हणजे डासांची संख्या हेच सर्वस्व नाही. हे मान्य. पण यातून निघणारा निष्कर्षही वैयक्तिक निष्काळजीपणाकडे जात नाही. तो घराच्या रचनेकडे, म्हणजे पुन्हा सोयीसुविधांकडेच जातो. संभाजीनगरच्या मे-जूनमध्ये खिडक्या बंद करून बसणं कूलरवाल्या घराला शक्य नाही, कारण कूलरला वाहती हवा लागते. ज्याच्याकडे एसी आहे त्याच्याकडे बहुधा बंदिस्त भूमिगत टाकी आणि पंपही आहे. पत्र्याच्या घरात ड्रमही उघडा आणि खिडकीही.

चौथा आक्षेप लशीचा. लस येते आहे, मग ड्रमची चिंता कशाला? देशात एका मात्रेच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ साली सुरू झाली आणि तिच्याकडून आशा बाळगायला जागा आहे. पण डेंग्यूची लस अवघड का, ते समजलं तर ड्रमचं महत्त्व वाढतं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा एक प्रकार होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घ संरक्षण मिळतं, बाकी तिघांविरुद्ध नाही. उलट पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांचं प्रमाण अर्धवट उरलेलं असेल तर ती नव्या विषाणूला निकामी न करता चिकटतात आणि त्याला रक्तातल्या भक्षक पेशींच्या आत पोहोचवतात. रक्षकच शत्रूला वाट दाखवतो. निकाराग्वात साडेसहा हजारांहून जास्त मुलांवर बारा वर्षं लक्ष ठेवून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मधल्या पातळीवरच्या प्रतिपिंडांमुळे गंभीर डेंग्यूचा धोका सातपटीहून अधिक वाढलेला दिसला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७-१८च्या पाहणीत देशातल्या ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा होत्या. शहरी भागात ७०.९ टक्क्यांच्या. म्हणजे शहरातल्या दहापैकी सात जणांना हा डास एकदा तरी विषाणू देऊन गेला आहे आणि त्यांना खरी भीती दुसऱ्या वेळची आहे. लस येईपर्यंतच्या प्रत्येक पावसाळ्यात ही दुसरी वेळ टाळण्याचा मार्ग पाण्यातूनच जातो.

शहरासाठी नवी पाणीपुरवठा योजना २०२० साली सुरू झाली तेव्हा तिचा खर्च १६८० कोटी रुपये होता. पुढे तो २७४० कोटींवर गेला. तिची मुख्य जलवाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे. या योजनेवरची चर्चा खर्च, विलंब आणि राजकारण यांभोवतीच फिरत राहिली. ती आरोग्याची योजना आहे हे फारसं कोणी बोललं नाही. मात्र नुसतं जास्त पाणी आल्याने डास हटतील असं समजणंही चूक ठरेल. नळ जोडला तरी तो ठरल्या वेळी येतो यावर लोकांचा विश्वास बसेपर्यंत ड्रम दारातून हलणार नाहीत, आणि तो विश्वास बसायला काही पावसाळे लागतील. त्या काळात दोन पाण्यांमधलं अंतर वाढू न देणं आणि वेळ पाळणं हे पाण्याच्या एकूण लिटरांइतकंच मोलाचं असेल. शिवाय नवं पाणी सगळ्या भागांत एकाच दिवशी पोहोचणार नाही, टप्प्याटप्प्याने पोहोचेल. संशोधकाला याहून चांगली संधी क्वचितच मिळते: एकच शहर, एकच पाऊस, एकच डास, आणि शेजारशेजारच्या वॉर्डांत पाण्याचं वेगळं वेळापत्रक. आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी कंटेनर सर्वेक्षण करतातच. त्या नोंदींत त्या घरी शेवटचं पाणी कधी आलं होतं हा एक रकाना वाढवला, डेंग्यूचे रुग्ण वॉर्डनिहाय त्याच तक्त्यात मांडले आणि तो तक्ता दर महिन्याला जाहीर केला, तर वरचं सगळं म्हणणं खरं की खोटं हे दोन-तीन हंगामांत कळेल. पण तुलनेसाठी लागणारी आधीची मोजणी, ज्या भागांत अजून सहा-आठ दिवसांआड पाणी येतं त्या भागांतल्या ड्रममधल्या अळ्यांची, तिथे नवा नळ पोहोचण्याआधीच व्हायला हवी.