हृदयाच्या स्नायूला रक्त पोचते का?

टिटवाळ्यात दवाखाना चालवताना एक तक्रार वारंवार कानावर येते. "डॉक्टर, घरात काही होत नाही, पण स्टेशनचा पूल चढला की छातीवर दडपण येते. थांबलो की जाते. आणि ईसीजी तर नॉर्मल!" यात नवल काही नाही. आडवे झोपवून काढलेला ईसीजी विश्रांती घेणाऱ्या हृदयाचा असतो, पूल चढणाऱ्या हृदयाचा नव्हे.

हृदयाच्या कप्प्यांतून रक्ताचा पूर वाहतो, पण त्यावर हृदयाच्या स्नायूचे पोट भरत नाही. त्याला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रक्तवाहिन्या वेगळ्या. विश्रांतीत त्यांतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त जाते. श्रमात ही गरज तिप्पट-चौपट होते. वाहिनी निम्म्याहून चिंचोळी झाली तरी बसल्याजागी भागते, पुलावर भागत नाही.

अँजिओग्राफीत वाहिनी कुठे अरुंद आहे ते दिसते. परंतु पाटात गाळ कुठे आहे हे कळले, म्हणून शेवटच्या वाफ्याला पाणी मिळते की नाही हे कळत नाही. त्यासाठी वाफाच पाहावा लागतो. हे काम परफ्युजन स्कॅन करतो. लोक त्याला 'थॅलियम टेस्ट' म्हणतात, जरी आता बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम-९९एम वापरतात.

रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात. गुडघे साथ देत नसतील तर औषधाने हृदयाच्या वाहिन्या रुंदावतात. ऐन त्या वेळी किरणोत्सारी द्रव्य शिरेतून टोचतात. जिथे रक्त जास्त, तिथल्या स्नायूत ते जास्त मुरते. मग गॅमा कॅमेरा छातीभोवती फिरत निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेतो आणि संगणक त्यांतून हृदयाची त्रिमिती आकृती उभी करतो. पावाच्या चकत्या कराव्यात तशी ती कापून पाहता येते. तसेच विश्रांतीतले चित्र काढून दोन्ही शेजारी ठेवतात. (रंग संगणक भरतो. तांबडे दिसले की लोक घाबरतात, पण बहुधा तोच भरपूर रक्त मिळणारा भाग असतो!)

श्रमात फिका पडलेला भाग विश्रांतीत भरून आला, तर स्नायू जिवंत आहे, पण उपाशी आहे. दोन्ही वेळा फिकाच राहिला, तर तो बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. अशा मेलेल्या भागासाठी शेत विकून स्टेंट बसवण्यात फारसा अर्थ नसतो. मात्र कधी तो भाग मेलेला नसून निपचित पडलेला असतो. ते ओळखायला पेट स्कॅन लागतो. उलट, अँजिओग्राफीत अडथळा असूनही स्कॅन चांगला आला, तर पुष्कळदा औषधांवर भागते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा, पण त्यांना हा प्रश्न जरूर विचारावा.

ही विद्या आपल्याला परकी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ सालीच सुरू झाले.

तपासणीला मर्यादाही आहे. ती स्नायूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते. तिन्ही मोठ्या वाहिन्या सारख्याच अरुंद असतील, तर सगळीकडे सारखाच तुटवडा पडून चित्र फसवे चांगले दिसू शकते.

किरणोत्साराची भीती बाळगू नये. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मे होते. तपासणीनंतर पाणी भरपूर प्यावे, त्या दिवशी तान्ह्या मुलाला फार वेळ मांडीवर घेऊ नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने आधीच सांगावे. तपासणीआधी चोवीस तास चहा, कॉफी, कोला बंद, कारण त्यांतले कॅफीन वाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाला दाद देत नाही. म्हणजे सकाळची लोकल पकडण्याआधीचा घोटभर चहासुद्धा नको. चालू गोळ्यांपैकी कोणती थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारावे.

आणि दडपण विश्रांतीनेही कमी होत नसेल, घाम फुटत असेल, तर स्कॅनची तारीख घेत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.